जहाजाच्या इंजिन रूममध्ये काम काय असतं, तेही छापा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

महिनाभरापूर्वी आपल्या रविवारच्या पुरवणीत जहाजावरच्या नोकऱ्यांबद्दल पान भरून मजकूर आला होता. दहावीनंतर सहा महिन्यांचा कोर्स, डॉलरमधला पगार, देशोदेशीची बंदरं आणि डेकवर उभ्या असलेल्या पांढऱ्या गणवेशातल्या तरुणाचा मोठा फोटो. आमच्या गावात (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ) ते कात्रण एका पानठेल्यावर आणि एका सलूनमध्ये चिकटवलेलं मी स्वतः पाहिलं. त्यानंतरच्या पंधरा दिवसांत चार पोरं आणि त्यांतल्या दोघांचे बाप माझ्या घरी येऊन गेले. मी १९८७ साली मर्चंट नेव्हीत ज्युनिअर इंजिनिअर म्हणून लागलो आणि २०१९ साली चीफ इंजिनिअर म्हणून उतरलो, म्हणून आले.

त्यातल्या एका पोरानं विचारलं, "काकाजी, जहाज त कॅप्टन चालवते ना जी? मंग खाली एवढी माणसं कायले लागते?"

पोरगा हुशार आहे आणि प्रश्न अगदी बरोबर आहे. पान भरून आलेल्या मजकुरात त्याचं उत्तर नव्हतं. 'इंजिन रूम' हा शब्द दोनदा होता, पण तिथं माणूस दिवसभर काय करतो, कशाला जपतो, कशानं मरतो, यातलं एक अक्षर नव्हतं. आमच्या भागातली जी पोरं जहाजावर जातील, त्यातली बरीचशी फोटोतल्या डेकवर न जाता त्याच्या खाली उतरणार आहेत. म्हणून हे पत्र लिहितो आहे. लांब झालं आहे, पण जागा असेल तर पूर्ण छापावं ही विनंती.

इंजिन रूम म्हणजे लोखंडी जिन्यांची पाच-सहा मजले खोल विहीर समजा. तिच्या मधोमध मुख्य इंजिन उभं असतं. माझ्या शेवटच्या जहाजाचं इंजिन सहा सिलिंडरचं, तीन मजले उंच. सिलिंडरचा व्यास ६० सेंटिमीटर. पिस्टन दांड्यासकट बाहेर काढून टांगला की माणूस त्याच्या शेजारी लहान दिसतो. आपल्या विहिरीवरचं पाच हॉर्सपॉवरचं ऑइल इंजिन मिनिटाला हजार-दीड हजार फेरे घेतं, हे घेतं शंभरच्या आसपास. मध्ये गिअर नाही, दांडा सरळ जहाज ढकलणाऱ्या पंख्याला जोडलेला. जहाज मागं घ्यायचं तर इंजिन थांबवून उलट्या दिशेनं फिरवायचं, आणि तेही तीस बार दाबाच्या हवेनं. त्याच्या बाजूला तीन जनरेटर, बॉयलर, समुद्राच्या पाण्याचं गोडं पाणी करणारं यंत्र, पन्नासेक पंप आणि मैलभर पाइप. भर समुद्रात महावितरणचा लाइनमन येत नाही आणि अग्निशमनची गाडीही येत नाही. वीज, पाणी आणि आग विझवणं, तिन्ही त्या विहिरीतल्या माणसांच्याच हातात. वर कॅप्टननं सुकाणू कितीही वळवलं तरी ते वळवणारी मोटर खालच्या विजेवर चालते. पोराला मी एवढंच सांगितलं की कॅप्टन दिशा दाखवतो, जहाज चालतं खालून.

मला या कामाची ओढ लागली ती दारव्हा मोतीबाग स्टेशनावर. मूर्तिजापूर-यवतमाळ शकुंतला गाडीला तेव्हा वाफेचं इंजिन होतं, ते १९९४ पर्यंत होतं. गाडी थांबली की ड्रायव्हर खाली उतरून चाकाजवळच्या एकेका जोडाला हाताची मागची बाजू लावत चालायचा. एखाद्या जागी हात जास्त वेळ थांबला की तो तेलाची झारी मागायचा. पुढं जहाजावर पहिल्याच आठवड्यात सेकंड इंजिनिअरनं मला पंपाच्या बेअरिंगला तसाच हात लावायला शिकवलं, तेव्हा ते काही मला नवीन वाटलं नाही.

इंजिन रूमच्या सुरक्षेचा मोठा भाग या फेरीत आहे. चार तासांची वॉच, म्हणजे पाळी, असते. तिची सुरुवात कंट्रोल रूमच्या गारव्यात बसून होत नाही, सगळ्यात खालच्या प्लेटवरून होते. बिल्जमध्ये, म्हणजे जहाजाच्या अगदी तळात, पाणी किती, कुठल्या पंपाच्या दांड्याजवळच्या ग्लँडमधून गळतंय, आवाज बदललाय का, वास कसला येतोय. तिथं पंचेचाळीस अंशांची उष्णता असते आणि कानावर मफ घातल्याशिवाय उभं राहता येत नाही, तरी मफ घालूनही पायातून इंजिन ऐकू येतं. जाणारा माणूस येणाऱ्याला फेरी मारून दाखवल्याशिवाय वॉच सोडत नाही. आजकाल बऱ्याच जहाजांवर रात्री इंजिन रूममध्ये कोणी नसतं, सगळ्याला अलार्म आहेत, असं ती पोरं मोबाइलवर पाहून आली होती. अलार्म आहेत, चांगले आहेत. पण अलार्म तापमान हद्दीबाहेर गेल्यावर बोलतो. हात त्याच्या आधी बोलतो.

आता माझी चूक सांगतो. ती सांगितल्याशिवाय पुढचं लिहिण्याचा मला अधिकार नाही.

१९९१ साल, अरबी समुद्र, रात्रीची १२ ते ४ ची वॉच. मी थर्ड इंजिनिअरच्या हाताखाली ज्युनिअर होतो. दोनच्या सुमाराला आकडे घेत फिरत असताना दोन नंबरच्या जनरेटरवर इंधनाच्या पाइपचा एक नट ओला दिसला. टॉर्च मारला. नटाच्या खालच्या कडेला थेंब जमायचा, फुगायचा, लांबायचा आणि सुटायचा. मी मोजले, मिनिटाला सात-आठ. एवढंसं गळणं तर रोज कुठं ना कुठं असतं, असं म्हणून मी खाली एक रिकामा डबा लावला आणि पुढं गेलो. थर्ड साहेबांना नंतर सांगू म्हटलं. लॉगबुकात दोन वाजताच्या ओळीत आकडे भरले, सगळे बरोबर होते.

वीस-पंचवीस मिनिटांनी मी पलीकडे तेल साफ करणाऱ्या प्युरिफायरजवळ असताना ओरडणं ऐकू आलं. आमच्या वॉचला रत्नागिरीकडचे एक वयस्क तेलवाले होते. जुन्या जहाजांवर ऑइलरला आम्ही तेलवाला म्हणायचो, फायरमनला आगवाला. त्या पाइपला इंजिनाच्या हादऱ्यानं चीर गेली होती आणि थेंबाच्या जागी आता फवारा उडत होता, आपल्या फवारणी पंपासारखा बारीक. वर एग्झॉस्टच्या पाइपवरचा पत्रा आधीच्या दुरुस्तीत काढलेला, परत बसवायचा राहून गेलेला. त्या उघड्या हातभर जागेवर फवारा पडला, आधी पांढरा धूर झाला आणि मग जाळ. तेलवाले काकांनी आधी राखीव जनरेटर सुरू केला, तोवर थर्ड साहेब धावत आले, त्यांनी लोड बदलून दोन नंबर बंद केला, काकांनी इंधनाचा कॉक फिरवला आणि पावडरचा सिलिंडर मारला. सगळं मिळून चार मिनिटं. कोणाला भाजलं नाही.

सकाळी चीफ साहेबांनी मला तिथं नेलं. जळक्या पावडरीत तो डबा तसाच होता, अर्धा भरलेला.
"डबा कोणी लावला?"
"मी."
"म्हणजे तुला दिसलं होतं."

एवढंच बोलले. मग लॉगबुक उघडून माझ्या हातानं लिहून घेतलं की २.१० वाजता गळती दिसली, कळवली नाही, आणि खाली माझी सही. ती ओळ लिहायला मला फार वेळ लागला. पुढं मी स्वतः चीफ झालो तेव्हा प्रत्येक जहाजावर माझ्या स्थायी सूचनांमध्ये पहिली सूचना हीच असायची: गळती दिसली की आधी सांगा, डबा नंतर.

नियम या बाबतीत स्पष्ट आहेत. सोलास या जहाजांच्या सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार २२० अंशांच्या वर तापू शकणारा प्रत्येक पृष्ठभाग, ज्यावर तेल उडू शकतं, तो झाकलेला हवा. जास्त दाबाचा इंधनाचा पाइप दुहेरी हवा, म्हणजे आतला फुटला तरी तेल बाहेरच्या नळीत अडकावं आणि अलार्म वाजावा. तापलेला पाइप उघडा ठेवायचा नाही, हे त्या रात्रीही सगळ्यांना माहीत होतं. पत्रा बसवणाऱ्याचं राहून गेलं आणि थेंब पाहणाऱ्यानं सांगितलं नाही. इंजिन रूममधली आग बहुतेक वेळा अशीच दोन माणसांच्या दोन छोट्या गोष्टी एका जागी आल्या की लागते.

दुसरा धोका क्रॅंककेसचा, म्हणजे इंजिनाच्या बंद पोटाचा. आपल्याकडच्या शेतकऱ्याला तो मी कडब्याच्या गंजीवरून समजावतो. गंजीच्या पोटात धुमसत असेल तर बाहेरून नुसता धूर दिसतो, पण कोणी घाईनं मधोमध गंजी उघडली की वारा लागून भडका उडतो. इंजिनाच्या पोटात एखादं बेअरिंग तापलं की तेलाची वाफ होते, ती थंड होऊन धुक्यासारखी पसरते आणि तेच तापलेलं बेअरिंग त्या धुक्याला पेटवतं. पहिला स्फोट दार उडवतो, त्या वाटेनं हवा आत घुसते आणि दुसरा स्फोट पहिल्याहून मोठा होतो. ११ सप्टेंबर १९४७ रोजी 'रेना देल पॅसिफिको' या ब्रिटिश जहाजावर चाचणी फेरीत असा स्फोट होऊन २८ माणसं गेली. आज तेलाचं धुकं हुंगणारा डिटेक्टर असतो, दाब बाहेर सोडून लगेच बंद होणारी झडप असते. तरी माणसाला एक गोष्ट पाठ हवी. तो अलार्म वाजला की वेग कमी करून ब्रिजला, म्हणजे वर जिथून जहाजाची दिशा ठरवतात तिथं, कळवायचं, इंजिन थांबवायचं, त्या दारांसमोरून बाजूला व्हायचं, आणि किमान अर्धा तास दार उघडायचं नाही. काय झालं ते बघण्याची घाई माणसाला आवरत नाही. मी एका तरुण इंजिनिअरला कॉलर धरून मागं ओढलं आहे, त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

आमच्या वऱ्हाडात एक शब्द आहे, 'चालते'. फ्यूज उडतो, लावा तांब्याची जाड तार, चालते. स्टार्टरचा ओव्हरलोड सारखा पडतो, द्या काडी खोचून, चालते. फवारणीला तोंडाला रुमाल बांधला, चालते. २०१७ साली आमच्याच यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकाच्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजूर मेले, ते आम्ही पाहिलं आहे. जहाजावर हाच शब्द निरनिराळ्या भाषांमध्ये बोलला जातो. तेलाच्या टाकीची पातळी मोजायच्या नळीवर आपोआप बंद होणारा वजनाचा कॉक असतो. मोजताना तो हातानं धरून ठेवावा लागतो, म्हणून कोणी तरी त्याचं हँडल तारेनं बांधून ठेवतं. आग लागली तर त्याच उघड्या नळीतून टाकीतलं तेल आगीवर येणार. आगीचा डिटेक्टर वेल्डिंगच्या वेळी झाकला आणि तसाच राहिला. इंधन लांबून बंद करायच्या झडपेत पाचर मारलेली, कारण ती अधूनमधून आपोआप पडत होती. नवीन जहाजावर चढलो की पहिल्या दिवशी मी खिशात पक्कड घेऊन अशा तारा शोधायचो. एकही तार सापडली नाही असं जहाज मला दोनदाच मिळालं.

२६ मार्च २०२४ ची बातमी आपल्या वाचकांना आठवत असेल. अमेरिकेत बाल्टिमोरहून निघालेल्या 'डाली' या तीनशे मीटर लांबीच्या कंटेनर जहाजावरची वीज रात्री दीडच्या सुमाराला गेली आणि ते फ्रान्सिस स्कॉट की पुलाच्या खांबावर आदळलं. पूल कोसळला, पुलावर रस्त्याची दुरुस्ती करणारे सहा मजूर मेले. जहाजावरचे बहुतेक सगळे खलाशी भारतीय होते, म्हणून आपल्याकडेही चर्चा झाली. पुढं नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळानं निष्कर्ष दिला तो मी दोनदा वाचला. एक तार ढिली होती. तारेवर नाव लिहिलेली छोटी पट्टी अशी बसली होती की तारेचं टोक टर्मिनलमध्ये पूर्ण आत गेलंच नव्हतं. त्यातून ब्रेकर पडला. वीज परत आली, पण दुसऱ्यांदा गेली, कारण जनरेटरना इंधन देण्यासाठी वापरात होता तो फ्लशिंगसाठी, म्हणजे पाइप धुऊन काढण्यासाठी, असलेला पंप. तो वीज गेल्यावर आपोआप पुन्हा सुरू होणारा नव्हता. ज्या पंपाचं काम आहे तो सोडून दुसऱ्यानं भागवलं होतं. रोजच्या दिवशी भागतही होतं.

हे वाचून मी गावातल्या आमच्या वायरमनला बोलावलं आणि माझ्या घरच्या बोर्डातली एकेक तार ओढून पाहायला सांगितलं. दोन ढिल्या निघाल्या.

बंदिस्त टाकीबद्दल आमच्या लोकांना जास्त सांगावं लागत नाही, विहिरी इथं घरोघर आहेत. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की डिझेल इंजिन विहिरीतल्या कप्प्यावर उतरवून चालवायचे. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वास देत नाही, दिसत नाही. माझ्या लहानपणी शेजारच्या गावात इंजिन बंद पडलं म्हणून एक जण उतरला, तो आवाज देईना म्हणून त्याला काढायला भाऊ उतरला. दोघांना संध्याकाळी दोरानं वर काढलं. मी पाराजवळ उभा राहून ते पाहिलं आहे. जहाजाचा तोल राखायला पाणी भरतात त्या बॅलास्ट टाकीत इंजिन नसतं, तरी तिथं माणूस पडतो, कारण बंद टाकीतला गंज आतला ऑक्सिजन खाऊन टाकतो. म्हणून टाकी उघडून आधी हवा खेळवायची, मग मीटरनं वर, मध्ये आणि तळाशी मोजायचं. ऑक्सिजन २१ टक्क्यांच्या जवळ हवा, विषारी वायू नकोत. परवानगीचा कागद सही होऊन हातात यायला हवा आणि तोंडाशी एक माणूस उभा हवा, ज्याचं काम फक्त उभं राहणं आहे. आतला पडला तर त्यानं आत उडी घ्यायची नाही, अलार्म द्यायचा, श्वसनयंत्र लावलेली टोळी येईल. २०१५ पासून याचा सराव दर दोन महिन्यांनी करणं बंधनकारक आहे. कंदील खाली सोडून तो विझला नाही म्हणजे हवा चांगली, ही आपल्याकडची समजूत तिथं घेऊन जाऊ नका आणि इथंही सोडा. कार्बन मोनॉक्साइडमध्ये कंदील जळत राहतो.

इंजिन रूमची आग हाताबाहेर गेली तर शेवटचा उपाय कार्बन डायऑक्साइड. पंखे बंद, झडपा बंद, इंधन बंद, दारं बंद, आणि मग सिलिंडर सोडायचे. लागणाऱ्या गॅसपैकी ८५ टक्के दोन मिनिटांत आत आला पाहिजे अशी रचना असते. आत कोणी राहिला तर तो जगत नाही. त्यामुळे त्याआधी डोकी मोजायची. सरावात मोजणी चुकली की मी पूर्ण सराव पुन्हा घ्यायचो, पोरं वैतागायची, चहाची वेळ जायची. तरी घ्यायचो.

आता इंधनाच्या बचतीचं. कंपन्या तिला फार जपतात आणि ते बरोबरच आहे. आमचं जहाज दिवसाला ३० टन तेल जाळायचं. ते तेल डांबरासारखं घट्ट, इंजिनात जाण्याआधी शंभर अंशांच्या बरंच वर तापवावं लागतं, नाहीतर ते फवारलंच जात नाही. त्याआधी प्युरिफायरमधून काढायचं. दूध डेअरीत मलई काढायचं जे फिरतं यंत्र असतं, त्याचाच हा मोठा भाऊ, पाणी आणि गाळ बाहेर फेकणारा. रिफायनरीतून तेलात अॅल्युमिनियम-सिलिकॉनचे बारीक कण येतात. जहाजात भरायच्या तेलात ते किलोला ६० मिलिग्रॅमपर्यंत मान्य असतात, पण इंजिनात शिरताना त्याच्या पाव हिश्शावर आणावे लागतात, नाहीतर लायनर, म्हणजे सिलिंडरचं आतलं अस्तर, पॉलिश पेपर फिरवल्यासारखा झिजतो. प्युरिफायरमधून तेल घाईनं जास्त सोडलं की कण तसेच पुढं जातात. एका जहाजावर माझ्या आधीच्या माणसानं वेळ वाचवायला हेच केलं होतं आणि चार महिन्यांत तीन लायनर बदलावे लागले. २०२० पासून तेलातलं गंधक अर्ध्या टक्क्यावर आणलं, तेव्हा इंधन बदलताना काय काय अडतं हे मी उतरण्याआधी फक्त तयारीत पाहिलं, त्यावर जास्त लिहीत नाही.

वेग दहा टक्के कमी केला तर लागणारी ताकद पाव हिश्शाहून जास्त घटते, हे गणित कंपनीचं ऑफिस करतं. खालच्या माणसाच्या हातातलं गणित वेगळं. एका सिलिंडरचं एग्झॉस्ट बाकीच्यांपेक्षा चाळीस अंश जास्त दाखवत असेल तर बहुधा इंजेक्टर टपकतोय. तो काढून टेस्ट पंपावर लावा, फवारा धुक्यासारखा येतो की धार लागते ते बघा. धार लागत असेल तर तेवढं तेल वाया जातं, आणि जे जळत नाही ते काजळी होऊन पिस्टनच्या खालच्या पेटीत साठतं. तिथं एक दिवस आग लागते. ज्यानं इंजेक्टर वेळेवर काढला त्यानं कंपनीचं तेलही वाचवलं आणि आगही टाळली. मला कधी ही दोन कामं वेगळी करता आली नाहीत.

आणि हे सगळं करणारा माणूस झोपलेला हवा, म्हणजे नीट झोप घेतलेला. कोणत्याही २४ तासांत किमान १० तास आणि ७ दिवसांत ७७ तास विश्रांती हा आंतरराष्ट्रीय नियम आहे. बंदरात तेल भरणं, तपासणी आणि लगेच निघणं एकत्र आलं की हे तास कागदावरच पूर्ण होतात, हे मी पाहिलं आहे, आणि चीफ म्हणून सुरुवातीच्या वर्षांत अशा कागदांवर सहीही केली आहे. नंतर बंद केली. एकदा जहाज सहा तास उशिरा निघालं, ऑफिसचा फोन आला, पण माझ्या माणसांना झोपू दिलं. पोरांनो, खोट्या तासांवर सही करू नका.

शेवटी त्या पोराच्या बापाचं. कपाशीचं चार एकर, त्यात तूर. त्यांनी तुरीचे साठ हजार एका एजंटला दिले, पावती नाही. एजंटचं नाव मी इथं लिहीत नाही, ते पोलिसांकडे दिलं आहे. पण आपल्या वाचकांना हे कळायला हवं की जहाजावर नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घ्यायला कायद्यानं मनाई आहे. भरती करणाऱ्याकडे आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा सरकारी, परवाना लागतो, त्याचा नंबर आणि कोर्स चालवणाऱ्या संस्थेची मान्यता डायरेक्टर जनरल ऑफ शिपिंगच्या संकेतस्थळावर तपासता येते. कोर्सची फी भरण्याच्या आधी मान्यताप्राप्त डॉक्टरकडून डोळे तपासून घ्या, रंग नीट ओळखता येत नसतील तर पुढं अडतं. आणि कोर्समध्ये आग विझवायला, श्वसनयंत्र लावायला, पाण्यात उडी मारायला खरोखर शिकवतात का, की प्रमाणपत्र नुसतं हातात देतात, हे तिथून शिकून आलेल्या कोणाला तरी विचारा. पुरवणीत पुन्हा कधी हा विषय घेतलात तर पगाराच्या चौकटीशेजारी एवढी चौकट द्या.

तो पोरगा गेले तीन रविवार माझ्या शेतावर येतो. तिथं माझ्या वडिलांचं जुनं ऑइल इंजिन मी चालू ठेवलं आहे. पहिल्या दिवशी त्यानं थेट हँडल हातात घेतलं होतं. परवाच्या रविवारी तो आधी इंजिनाभोवती फिरला, बेअरिंगला हाताची मागची बाजू लावली, मग इंधनाच्या नळीजवळ वाकून म्हणाला, "काकाजी, हा नट ओला दिसते जी." मी नट आवळायला पाना त्याच्याच हातात दिला.

आणखी कोणाला यायचं असेल तर आपल्या कार्यालयाकडे माझा पत्ता आहे, विचारणाऱ्याला द्यावा. त्या पोराच्या घरच्यांना त्रास नको म्हणून माझं नाव मात्र छापू नये. पायात बंद बूट हवेत, शर्टाची बाही मनगटापर्यंत घट्ट, गळ्यात दुपट्टा किंवा साखळी नको, आणि कशालाही हात लावण्याआधी विचारायचं. रविवारी सकाळी सातला मी इंजिनावर असतो.

आपला एक जुना वाचक,
निवृत्त चीफ इंजिनिअर (मर्चंट नेव्ही),
दारव्हा तालुका, जि. यवतमाळ